शनिवारची शाळा आणि रोजची शाळा

गेल्या मार्गशीर्षांत एके दिवशीं सकाळीं, आमची संध्या आटोपते न आटोपते तोंच, धाकट्या चिरंजीवांचा कॅलिफोर्नियाहून दूरध्वनि आला. क्षेमकुशल झाल्यावर त्यांनीं यंत्र सूनबाईंच्या हातीं दिलें. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, एक सल्ला हवा आहे. तुमचा सारा जन्म शिकवण्यांत गेला, म्हणून विचारते." प्रश्न आमच्या पांच वर्षांच्या नातीचा होता. त्यांच्या भागांतील एका सरकारी शाळेंत अर्धा दिवस इंग्रजींतून व अर्धा दिवस चिनी भाषेंतून शिकवितात. अर्ज पुष्कळ, जागा थोड्या. म्हणून चिठ्ठ्या टाकून मुलें निवडतात. अर्ज भरण्यास महिन्याभराची मुदत होती. भरावा कीं न भरावा?

आम्हीं तत्काळ दिलेलें उत्तर येथें लिहितांना संकोच होतो. आम्ही म्हणालों, "जिला स्वतःची मराठी धड येत नाहीं, तिला परक्याची चिनी कशाला?" सूनबाईंनीं प्रत्युत्तर केलें नाहीं. "बरं, बाबा," एवढेंच म्हणाल्या. हें 'बरं' कोणत्या जातीचें असतें तें सासू-सासरे झालेल्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. दिवसभर तें आमच्या कानांत राहिलें. रात्रीं पानावर बसतांना आमच्या कुटुंबानें विचारलें, "तिनं तुमचं मत मागितलं होतं कीं राग?" तेव्हां हा विषय नीट पाहावा असें आम्हीं ठरविलें, आणि पाहूं लागल्यावर लक्षांत आलें कीं त्यांतील बहुतेक सामग्री गेल्या वर्षींच्या आमच्या तिकडील सहा महिन्यांच्या मुक्कामांत आपण होऊन समोर आली होती, आम्हीं ती पाहिली, पण तिचा विचार केला नाहीं.

चिरंजीवांच्या शेजारीं एक चिनी कुटुंब राहतें. घरांतील वृद्ध गृहस्थ दक्षिण चीनमधील ग्वांगदुंग प्रांताचे, व आमच्यासारखेच निवृत्त शिक्षक. त्यांस इंग्रजी येत नाहीं. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. तरी संध्याकाळीं बागेंतील एकाच बांकावर आम्ही बसत असूं. एक दिवस त्यांनीं मोठा कुंचला पाण्यांत बुडवून फरसबंदीवर एक अक्षर काढलें आणि जवळच्या झाडाकडे बोट दाखविलें. मग तेंच अक्षर शेजारीं शेजारीं दोनदां काढून बागेच्या पलीकडील राईकडे, आणि एकावर दोन असें तिनदां काढून दूरच्या डोंगरावरील दाट अरण्याकडे हात केला. आम्हींही कुंचला घेऊन 'वृक्ष' लिहिलें. त्यांनीं मान डोलाविली. पण आमच्या अक्षरांत झाड कोठें आहे तें त्यांस दाखवितां आलें नाहीं. ऊन होतें. पाण्याचीं सर्व अक्षरें दोन-चार मिनिटांत वाळून गेलीं.

एका शनिवारीं त्यांच्याबरोबर आम्ही त्यांच्या नातवाच्या चिनी शाळेंत गेलों. ही शाळा म्हणजे एका मोठ्या विद्यालयाची भाड्यानें घेतलेली इमारत. सकाळीं साडेनऊ ते साडेअकरा वर्ग. शिकविणारे बहुतेक आईबापच. आठवडाभर संगणकाच्या कारखान्यांत काम करणारे गृहस्थ शनिवारीं खडू हातीं घेतात. व्हरांड्यांत आज्या विणकाम करीत बसलेल्या, एका खोलींत आयांचा नाच, मागल्या अंगणांत टेबल-टेनिस. आम्हांस लहानपणच्या गणेशोत्सवाच्या मंडपाची आठवण झाली. वर्गांतील मुलांच्या चेहऱ्यावर मात्र तो आनंद नव्हता. पुढें कळलें कीं आठवड्याचा गृहपाठ शुक्रवारीं रात्रीं होतो, व बहुतेक घरीं तो रडारडीनेंच होतो.

या शाळांतही दोन पंथ आहेत. तैवानहून आलेल्या लोकांच्या शाळा जुन्या वळणाचीं पूर्ण अक्षरें शिकवितात आणि उच्चारासाठीं बोपोमोफो नांवाचीं ३७ चिन्हें वापरतात. मुख्य चीनमधून मागाहून आलेल्यांच्या शाळांत १९५६ पासून प्रचारांत आणलेलीं सुटसुटीत अक्षरें, व उच्चारासाठीं १९५८ ची 'पिन्यिन' ही रोमन लिपीची पद्धति. रोमन अक्षरें समोर दिसलीं कीं मुलें तींच वाचतात व चिनी अक्षराकडे डोळा जात नाहीं, ही तेथील शिक्षकांची नेहमींची तक्रार. मा लि-पिंग या विदुषींनीं तर आपल्या पाठ्यपुस्तकांत आधीं अक्षरें व मागून पिन्यिन असा क्रमच उलटा केला. आम्हांस तो पटतो. बाळबोध येण्याआधीं मुलाच्या हातीं रोमन मराठी दिली तर काय होतें तें हल्लीं तरुण मंडळींच्या निरोपांत दिसतेंच आहे.

आतां थोडें गणित. वर्षाकांठीं तीस-बत्तीस शनिवार, प्रत्येकीं दोन तास. म्हणजे साठ-चौसष्ट तास. दहा वर्षें न चुकतां गेलेल्या मुलाचे सहाशें-साडेसहाशें तास होतात. उलट, अर्धा दिवस चिनी भाषेंतून चालणाऱ्या शाळेंत १८० दिवस, रोजचे तीन तास, म्हणजे एका वर्षांतच ५४० तास. एकाचीं आठ-नऊ वर्षें तें दुसऱ्याचें एक वर्ष! अमेरिकेचें परराष्ट्रखातें आपल्या प्रौढ अधिकाऱ्यांस चिनी शिकविण्यास २,२०० तास धरतें. तितके तास शनिवारच्या शाळेंत भरावयाचे तर चौतीस-छत्तीस वर्षें लागतील. विद्यार्थ्यास तोंवर स्वतःचींच मुलें तेथें पोंचवावयाचीं असतील.

शिवाय या भाषेची लिपि अशी कीं तींत सुट्टी खपत नाहीं. आपली बाराखडी व जोडाक्षरें एकदां बसलीं कीं जन्माचीं बसलीं. अनोळखी शब्दही वाचतां येतो. तिकडे प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणें हातांत व डोळ्यांत मुरवावें लागतें. चीनमध्यें २०११ च्या अभ्यासक्रमाप्रमाणें पहिल्या दोन वर्षांत मुलानें सुमारें १,६०० अक्षरें ओळखावीं व ८०० लिहावीं, आणि प्राथमिक शाळा संपतांना ३,००० ओळखावीं व २,५०० लिहावीं अशी अपेक्षा होती. पूर्वींच्या चिनी पंतोजीच्या शाळेंत, एकही अक्षर दुसऱ्यानें न येणारा सहस्राक्षरी ग्रंथ मुलें घोकून पाठ करीत, हें ऐकून आम्हांस आमचा अमरकोश आठवला. पण अमरकोश काय किंवा सहस्राक्षरी काय, दर शनिवारीं दोन तास घोकून कोणास आली आहे? सोमवारपासून शुक्रवारपर्यंत जीं अक्षरें डोळ्यांपुढें येत नाहींत तीं बागेंतल्या पाण्याच्या अक्षरांसारखींच वाळतात.

मग रोजची शाळाच कां नव्हे, असें कोणी विचारील. याचें उत्तर बरेंच जुनें आहे. हवाई बेटांत सरकारनें परकीय भाषांच्या शाळांवर निर्बंध घातले होते. त्या वेळीं तेथें अशा १६३ शाळा होत्या. पैकीं ९ कोरियन, ७ चिनी व बाकीच्या सर्व जपानी. मुलामागें वर्षास एक डॉलर कर, आणि दिवसास एक तास व आठवड्यास सहा तास यांवर शिकवूं नये, असा नियम. अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयानें १९२७ सालीं तो कायदा अडविला. सहा तास ही सरकारच्या मतें जाचक मर्यादा होती. आज एखाद्या शनिवारच्या शाळेस आठवड्याचे सहा तास मिळाले तर शिक्षक पेढे वाटतील! पुढें १९७४ सालीं त्याच न्यायालयांत सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांचा खटला आला. इंग्रजी न समजणारीं सुमारें १,८०० मुलें कांहीं खास मदत न मिळतां वर्गांत नुसतीं बसून असत. त्यांस मदत करणें शाळांवर बंधनकारक आहे असा निकाल झाला. तो लढा इंग्रजी मिळावें म्हणून होता. गंमत अशी कीं त्याच शहरांत १९८१ सालीं चिनी माध्यमाची पहिली खासगी शाळा निघाली, आणि १९९५ सालीं कँटनी बोलीची सरकारी शाळा सुरू झाली. या दुसऱ्या शाळेस अॅलिस फोंग यू या बाईंचें नांव आहे. त्या १९२६ सालीं त्या शहराच्या सरकारी शाळांतील पहिल्या चिनी वंशाच्या शिक्षिका झाल्या. यूटा संस्थानानें तर २००८ सालीं कायदाच करून अर्ध्या दिवसाच्या परभाषिक शाळा काढल्या, आणि त्यांत चिनी शिकणारीं मुलें बहुतांशीं गोरींच.

अशा शाळेंत गणितही चिनींतून शिकवितात, आणि त्याला कारण आहे. चिनी भाषेंत अकरा म्हणजे 'दहा-एक', बारा म्हणजे 'दहा-दोन', ब्याण्णव म्हणजे 'नऊ-दहा-दोन'. पाठांतराचा त्रास नाहीं. आपल्याकडे २०१९ सालीं बालभारतीनें दुसरीच्या पुस्तकांत 'वीस एक, वीस दोन' असें छापलें तेव्हां केवढा गहजब झाला तो वाचकांस आठवत असेल. आम्हींही त्या वेळीं रागानें बोललों होतों. एकोणसाठ व एकोणसत्तर यांत चुकणाऱ्या मुलांस आम्हीं जन्मभर छड्या मारल्या, आणि अब्जावधि चिनी लोक त्यावांचून हिशेब करतात, हें आतां कोठें आमच्या ध्यानांत आलें.

ज्या देशांत चिनी लोकांनीं रोजची शाळा स्वतःच्या हातीं ठेविली तेथील वृत्त निराळें. मलेशियांत चिनी माध्यमाच्या सुमारें १,३०० प्राथमिक शाळा सरकारी आश्रयानें चालतात, व साठांवर स्वतंत्र माध्यमिक शाळा लोकवर्गणीवर. सिंगापुरांत मात्र लोकवर्गणीनें उभारलेलें व १९५६ सालीं वर्ग सुरू झालेलें नानयांग विद्यापीठ १९८० सालीं दुसऱ्यांत विलीन झालें, आणि १९८७ पासून सर्व शाळांचें माध्यम इंग्रजी झालें. चिनी हा एक विषय उरला. विषय रोजचा असूनही घरांतील बोलणें इंग्रजीकडे वळत गेलें, ही तेथील वडीलधाऱ्यांची खंत आहे. जातां जातां सांगतों: तेथील मराठी मुलांस मातृभाषा म्हणून मराठी घेतां येत नाहीं, तमिळ, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांतून निवड करावी लागते. बहुतेक हिंदी घेतात.

पण आमच्या मनांत जें सलत राहिलें तें शेजाऱ्यांच्या घरचें. त्या वृद्ध गृहस्थांस एक मुलाचा मुलगा, वय तेरा, व एक मुलीची मुलगी, वय नऊ. मुलगा पांचव्या वर्षापासून शनिवारच्या शाळेंत गेला. मुलगी चिनी माध्यमाच्या रोजच्या शाळेंत जाते. मुलगी आजोबांस चिनी वृत्तपत्राचे मथळे घडाघडा वाचून दाखवी, आणि आमची दुभाषीही तीच. एकदां आम्ही त्यांच्याकडे चहास गेलों असतां आजीबाईंनीं आंतून कांहीं विचारलें. मुलगी गप्प राहून भावाकडे पाहूं लागली. त्यानें खेळावरची नजर न काढतां आजीस उत्तर दिलें आणि उठून तिला फडताळांतून औषधाची बाटली काढून दिली. आम्हांस नवल वाटलें. मग उलगडा झाला. दोन्ही शाळा शिकवितात ती उत्तरेची राजभाषा, मँडरिन. आजीबाई बोलतात ती कँटनी. लिहिलेलें एकच, पण कानास दोन्ही परक्या. मुलाचे आईबाप दोघेही नोकरीवर, म्हणून त्यास आजीनें वाढविलें. त्याची कँटनी कोणत्याच शाळेंतली नव्हे, ती स्वयंपाकघरांतली. मुलगी शनिवार-रविवारची पाहुणी. तिला आजीचें निम्मेंच कळे.

या मुलानें आम्ही तेथें असतांनाच शनिवारची शाळा सोडली. पोहण्याच्या शर्यती शनिवारींच असत. महिनाभर त्या घरांतून शुक्रवारीं रात्रीं आवाज येत होते. एका शुक्रवारीं ते आले नाहींत. दुसऱ्या दिवशीं वृद्ध गृहस्थ बांकावर आले ते कुंचला न आणतांच. बराच वेळ बसून त्यांनीं नातीला कांहीं सांगितलें. ती इंग्रजींत म्हणाली, "आजोबा म्हणतात, मीं तीस वर्षें दुसऱ्यांच्या मुलांना वाचायला शिकवलं." त्यापुढें त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि तिनेंही विचारलें नाहीं.

आम्हांस विचारण्याची गरजच नव्हती. आम्हीं छत्तीस वर्षें संस्कृत शिकविलें. 'रामः रामौ रामाः' म्हणून घेतलेलीं मुलें आज मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत. स्वतःच्या मुलांस मात्र पुढल्या सुट्टींत रूपावली शिकवूं, मोडी शिकवूं, असें म्हणत राहिलों. शाळा व शिकवण्या आटोपून घरीं येईपर्यंत मुलें निजलेलीं असत. धाकट्या चिरंजीवांस आज संस्कृताचा गंध नाहीं, आणि त्यांनीं तें आम्हांस कधीं बोलून दाखविलें नाहीं.

नातीचीही एक गोष्ट सांगावयाची राहिली. तिकडे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आश्रयानें ठिकठिकाणीं मराठी शाळा सुट्टीच्या दिवशीं चालतात. आमची नात रविवारीं तींत जाते. शिकविणाऱ्या बाया मोठ्या हौशी, आणि मुलें गाणीं छान म्हणतात. आमच्या मुक्कामाच्या पहिल्या आठवड्यांत, मंगळवारीं, आम्हीं तिला म्हटलें, "बाळ, माझा चष्मा आण बरं." चष्मा आला, पण तो देतांना ती गंभीरपणें म्हणाली, "आजोबा, आज संडे नाहीं!" सगळे हंसले. आम्हीही हंसलों.

इत्सिंग या चिनी भिक्षूचें प्रवासवृत्त आमच्या संग्रहीं आहे; तकाकुसु यांनीं १८९६ सालीं केलेलें इंग्रजी भाषांतर. हा गृहस्थ ६७१ सालीं संस्कृत विद्येसाठीं निघाला. वाटेंत सुमात्रा बेटावरील श्रीविजयांत सहा महिने थांबून त्यानें व्याकरणाचा पाया घातला, नालंदेंत सुमारें दहा वर्षें काढलीं, आणि ६९५ सालीं परतला. मागून येणाऱ्यांस त्यानें लिहून ठेविलें कीं हिंदुस्थानांत जाण्यापूर्वीं एक-दोन वर्षें श्रीविजयांत राहून अभ्यास करावा. येथील मुलें सहाव्या वर्षीं वर्णमालेचें पुस्तक धरून सहा महिन्यांत संपवितात व आठव्या वर्षीं पाणिनीचीं सूत्रें हातीं घेऊन आठ महिन्यांत पाठ करतात, हेंही त्यानें नोंदलें आहे. हीं पानें आम्हीं पूर्वीं अनेकदां अभिमानानें वाचलीं होतीं. या खेपेस वाचतांना असें दिसलें कीं त्या मुलांस वर्णमाला सहा महिन्यांत येई, कारण ती वर्णमाला होती. आणि इत्सिंगास मात्र दहा वर्षें घर सोडून राहावें लागलें.

तेव्हां आठ दिवसांनीं आम्हीं आपण होऊन सूनबाईंस दूरध्वनि केला. आमचें म्हणणें त्यांस असें सांगितलें. चिनी शिकवावयाची असेल तर रोजच्या शाळेंतच शिकवावी. आपल्या घरीं ती कोणी बोलत नाहीं, कोणी आजी ती बोलत फडताळ उघडावयास सांगणार नाहीं. तिला तासांचाच आधार, आणि शनिवारचे तास तिला पुरत नाहींत. पुढें व्यापारांत उपयोग होईल म्हणून शिकवीत असाल तर तें कारण आम्हांस फारसें रुचत नाहीं, पण वर्गांत बसलेल्या मुलीला कारण विचारावयास कोणी येत नाहीं. पहिलीं दोन-तीन वर्षें इंग्रजी स्पेलिंगांत ती मागें राहिली तर आपण घाबरूं नये. मधल्या सुट्टींत मुलें इंग्रजीच बोलतील, त्याचाही विषाद मानूं नये. आणि आम्ही पहिल्या दिवशीं जें बोललों तें चुकलें.

सूनबाई म्हणाल्या, "आणि मराठी?"

मराठीच्या लिपीस रविवार पुरेल. चार-सहा महिन्यांत ती वाचूं लागेल, आणि एकदां वाचूं लागली कीं विसरणार नाहीं. बोलण्यास मात्र रविवार पुरत नाहीं, व त्यास शाळाही नको. तिकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हां आमच्याकडे उन्हाळ्यांत सकाळचे साडेसहा व हिंवाळ्यांत साडेसात. त्या वेळीं रोज अर्धा तास आम्ही यंत्रापुढें बसूं, असें कबूल केलें. आमच्या कुटुंबानें मागून सांगितलें, "मीसुद्धां," आणि खरें पाहतां नात अधिक बोलते ती तिच्याशींच. आमच्याशीं बोलतांना ती सावधपणें शुद्ध बोलते. आजीला मात्र तिनें परवां पोह्यांत शेंगदाणे कां घालतेस म्हणून दहा मिनिटें छळलें. तो दिवस बुधवार होता.

शेजारच्या वृद्ध गृहस्थांचा नातू शर्यतींत दुसरा आला असें चिरंजीव सांगत होते. त्यास आजोबा आतां कांहीं शिकवीत नाहींत. आजीजवळ बसून जेवतो, तेवढें चालू आहे.

अर्ज भरला गेला आहे. चिठ्ठ्या फाल्गुनांत निघावयाच्या आहेत. निकाल लागेल तो वाचकांस पुढें कळवूं.